‘हाई मन्हं शे!’ : मुलांना वाटून घ्यायला आणि भांडण मिटवायला शिकवताना पालकांना पडणारे प्रश्न

खानदेशात, गिरणा नदीकाठच्या एका गावात मी गेली 19 वर्षं बालवाडीत शिकवते. मुलांना सोडायला आलेल्या आया, आज्या, कधी शेतातून परस्पर आलेले वडील दारातच उभं राहून जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते, "ताई, आमचं पोरगं कोणाला काही देतच नाही." उत्तरं वर्गातल्या आणि माझ्या घरातल्या अनुभवातून दिली आहेत. जिथे बालमानसशास्त्रातला अभ्यास कामाचा वाटला, तिथे तोही सांगितला आहे.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. कोणी खेळण्याला हात लावला की "हाई मन्हं शे" (अहिराणीत ‘हे माझं आहे’) म्हणून किंचाळतो. हट्टी झालाय का?

नाही. आपण एक वेगळा माणूस आहोत, हे त्याला नुकतंच कळलंय. "मी" कळल्यावर पुढची पायरी "माझं". ज्याला "माझं" नीट कळलेलं नाही, त्याला "तुझं" कळत नाही, आणि देणं तर त्याच्याही नंतरचं. म्हणून अडीच वर्षांच्या मुलाने "मन्हं शे" म्हणणं ही काळजीची गोष्ट नाही. माझ्या मते ती समाधानाची गोष्ट आहे.

या वयात मुलं एकत्र बसतात, पण एकत्र खेळत नाहीत. घराच्या बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर दोघं बसतील, एक खोपा करील, दुसरा डब्यात वाळू भरील, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले: आधी एकट्याने, मग शेजारी-शेजारी, मग थोडं मिसळून, आणि शेवटी काहीतरी ठरवून मिळून. तुमचा मुलगा अजून शेजारी-शेजारीच्या टप्प्यावर आहे.

आणखी एक. "थोडा वेळ दे, मग परत मिळेल" हे आपल्याला सोपं वाटतं. त्याला "थोडा वेळ" म्हणजे काय हे अजून कळत नाही. त्याच्या लेखी दिलं म्हणजे गेलं.

मग अपेक्षा ठेवायची तरी कोणत्या वयापासून?

स्वित्झर्लंडमधल्या 3 ते 8 वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गोड गोळ्या वाटायच्या होत्या. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःपुरतं बघत होती. सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं दोघांना सारखं मिळेल असा पर्याय निवडत होती. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात तर याहून बोलकी गोष्ट दिसली: तीन वर्षांचं मूलही "निम्मं द्यायला हवं" असं बरोबर सांगतं, पण प्रत्यक्ष द्यायची वेळ आली की जास्तीचं स्वतःकडे ठेवतं. बोलणं आणि वागणं यांचा मेळ सात-आठ वर्षांच्या आसपास बसतो.

म्हणजे "याला इतकं सांगितलं तरी कळत नाही" ही तक्रार खरी नाही. त्याला कळतं. जमत नाही. त्यासाठी चार-पाच वर्षं रोजचा सराव लागतो, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या घरातच व्हायचा असतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद तिची मुलं घेऊन माहेरी येते. त्यांनी खेळणी मागितली की माझी मुलगी रडते. लोकांसमोर लाज वाटते. तिच्या हातातून घेऊन द्यावं का?

घेऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. तिच्या हातातून बाहुली ओढून आपण पाहुण्यांच्या मुलाला देतो, तेव्हा देणारे आपण असतो. तिच्या वाट्याला फक्त हिसकावलं जाणं येतं, आणि ती शिकते तेही हेच, की ज्याच्या अंगात जास्त बळ त्याने घ्यायचं. दोन दिवसांनी ती धाकट्याच्या हातातून तसंच ओढते आणि आपण म्हणतो, हे कुठून शिकली?

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी तिला जवळ घेऊन विचारा, "उद्या दादा-ताई येणार. कोणती खेळणी बाहेर ठेवायची आणि कोणती कपाटात?" दोन-तीन लाडक्या वस्तू तिला आत ठेवू द्या. त्या आत आहेत आणि कोणी घेणार नाही, याचा भरवसा एकदा बसला की बाकीच्या वस्तूंवरची तिची पकड आपोआप सैल होते. मोठ्यांचंही असंच असतं. लग्नातली पैठणी आपण कोणालाही नेसायला देतो का? मग तिची एकुलती एक बाहुली काय कमी मोलाची?

निवड मुलाची असली की देण्याची सवय टिकते, हे अभ्यासातही दिसलं आहे. 2013 मधल्या एका प्रयोगात काही लहान मुलांना हातातलं स्टिकर रडवेल्या बाहुल्याला द्यायचं की स्वतःला ठेवायचं, हे ठरवू दिलं, तर काहींना ते द्यायलाच लावलं. पुढच्या वेळी, ज्यांनी स्वतः ठरवून दिलं होतं त्यांनी जास्त दिलं.

आणि नणंदेसमोर लाज वाटली तर सरळ म्हणा, "ताई, तिचं खेळून झालं की देईल ती." तिनेही मुलं वाढवली आहेत, तिला कळेल.

"तू मोठा आहेस ना, दे त्याला" असं म्हणणं चूक आहे का?

हे वाक्य मीच वर्गात कित्येक वर्षं म्हणत होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

पाच वर्षांचा एक मुलगा लाकडी ठोकळ्यांचा पूल बांधत होता. तीन वर्षांचा दुसरा येऊन रडायला लागला. मी घाईत होते, खिचडीची वेळ झाली होती. मोठ्याच्या पुलातले चार ठोकळे काढले, लहानाला दिले आणि म्हटलं, "तू मोठा ना, समजदार ना." तो काही बोलला नाही. उरलेला पूल त्याने पायाने पाडला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आपल्याहून थोराड मुलापुढे उभा राहून, हात पुढे करून म्हणत होता, "तू मोठा शे ना, दे." थोराडाने दिलं नाही, तेव्हा याने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

मोठा असणं ही त्याची चूक नाही, आणि लहान असणं हा काही हक्क नाही. लहानाला एवढंच कळतं की रडलं की मिळतं. मोठ्याला कळतं की माझं बांधलेलं केव्हाही मोडलं जाऊ शकतं. आता मी लहानाला मांडीवर घेते आणि म्हणते, "त्याचं चाललंय. झालं की तो सांगेल. तोवर आपण दोघं बघू." लहान रडतो. रडू द्यायचं. वाट बघताना रडू येतं, आणि कोणीतरी जवळ असलं तर वाट बघता येते, हेही त्याला शिकायचंच असतं.

पाळी कशी लावायची? घड्याळ लावलं तर भांडण वाढतं.

घड्याळ लहान मुलांना दिसतं, पण कळत नाही. त्यांना कळेल असं माप घ्या. आमच्याकडे आखाजीला लिंबाला झोका बांधतात. मी मुलींना सांगते, एक गाणं संपलं की उतरायचं, दुसरीचा नंबर. गाणं सगळ्याच म्हणतात, त्यामुळे थांबलेलीलाही काही काम असतं आणि शेवट कधी येणार हे सगळ्यांनाच ऐकू येतं. सायकल असेल तर "पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत". चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी मात्र "तुझं झालं की त्याला दे" हेच पुरतं. विश्वास बसत नाही, पण कोणी मागे लागलं नाही तर मूल बहुतेक वेळा पाच-सात मिनिटांत दुसरीकडे वळतं.

दोघं हाणामारीवर आलेत. त्या क्षणी नेमकं काय करायचं?

माझ्या घरातला मे महिन्यातला प्रसंग सांगते. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. दुपारी बाराला दारं-खिडक्या लावून सगळे आत, आणि कूलरसमोरची एक जागा. माझा सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची पुतणी. त्याने तिला ढकललं, तिने त्याचे केस धरले.

मी पळत गेले नाही, पण लांबून ओरडलेही नाही. दोघांच्या मध्ये खाली बसले. तिची मूठ केसांतून हळूच सोडवली, त्याचा हात धरला. "मारू देणार नाही मी." एवढंच, आणि तेही आवाज न चढवता. मग थांबले. दोघंही धापा टाकत होते. अशा वेळी मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही, मोठ्यांच्या तरी कुठे शिरतं? माठातलं पाणी दिलं. तिच्या मानेला घामोळ्यांनी पुरळ आलं होतं, तिथे ओला पंचा ठेवला.

मग म्हटलं, "तू सांग. ती मध्ये बोलणार नाही. मग ती सांगेल." तो म्हणाला, मी आधी झोपलो होतो. ती म्हणाली, मला घामोळ्या चावतात. मी दोघांचं म्हणणं मोठ्याने पुन्हा सांगितलं: "तू आधीपासून झोपला होतास आणि तिने उठवलं. तुला मानेला चावतंय, म्हणून तुला वारा पाहिजे." एवढ्यानेच अर्धा राग उतरला. आपलं कोणीतरी ऐकलं, हेच त्यांना हवं असतं.

"आता काय करायचं?" असं विचारून मी गप्प बसले. अवघड भाग हाच. तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं. तो म्हणाला, तिला बाहेर काढ. ती म्हणाली, त्याला बाहेर काढ. मी म्हटलं, दोघांना चालेल असं सांगा. थोड्या वेळाने त्यानेच गादी आडवी फिरवली. आधी दोघं लांबीने झोपत होते, आता पाय भिंतीकडे आणि डोकी दोन्ही कूलरकडे. मला हे सुचलं नसतं. मी त्याला वेळ लावून दिला असता, अर्धा तास तू, अर्धा तास ती, आणि दर अर्ध्या तासाला पुन्हा भांडण झालं असतं.

रोज इतकं छान होत नाही. कधी कधी दोघांना वेगळं करून फक्त वेळ जाऊ द्यावा लागतो. पण हात थांबवा, अंग शांत होऊ द्या, दोघांचं ऐका, मग त्यांना विचारा, हा क्रम चुकवू नका. ऐकण्याआधी विचारलं तर काही हाती लागत नाही.

सुरुवात कोणी केली हे शोधायला नको का?

नको. ते सापडत नाही. आजच्या ढकलण्याचं मूळ कालच्या चिडवण्यात असतं आणि कालच्याचं परवाच्या उरलेल्या पेढ्यात. आपण न्यायाधीश झालो की मुलं साक्षीपुरावे गोळा करायला लागतात. अपवाद एकच, एक मूल दुसऱ्याला सतत धाकात ठेवत असेल तर. तिथे दोघांना समोरासमोर बसवून "समेट" करायला लावू नका. आधी घाबरणाऱ्याला जपा.

मारल्यावर "सॉरी" म्हणायला लावावं का?

मी लावत नाही. लावलेलं सॉरी भिंतीकडे बघून म्हटलं जातं. त्याऐवजी त्याला काहीतरी करू द्या: पाणी आणून दे, पडलेले ठोकळे उचलू लाग, फुंकर घाल. कट्टी-बट्टीची आपली जुनी रीत काही वाईट नव्हती. करंगळी लावून कट्टी, दोन बोटं जुळवून बट्टी, आणि मध्ये किती वेळ जायचा ते मुलंच ठरवायची. मोठ्यांनी त्यात पडू नये.

मुलगी चावते. उलट चावून दाखवावं का, म्हणजे दुखतं हे कळेल?

कधीच नाही. बोलता न येणारी मुलं चावतात, तीन वर्षांच्या आत हे पुष्कळदा दिसतं. आधी ज्याला चावलंय त्याच्याकडे जा, जखम साबण-पाण्याने धुवा, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मग हिच्याकडे वळून "चावू देणार नाही. पाहिजे असेल तर 'माले दे' म्हण" असं शब्द देऊन सांगा. घरी अहिराणी बोलत असाल तर शब्द अहिराणीतच द्या. रागात असलेल्या मुलाला प्रमाण मराठी सुचत नाही.

शाळेत कोणी "दोन फटके दिल्याशिवाय सुधारत नाही" म्हणालं तर लक्षात ठेवा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी आहे.

खाऊवरून रोज कटकट होते. तुझं मोठं, माझं लहान.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. जे मूल वाटे करतं, त्याच्यासारखा तराजू दुकानातही नसतो. माझ्या मुलाने एकदा वाटीतल्या शेवेची शेवटची कांडी मोडून दोन्हीकडे ठेवली होती. केळी तर आपल्याकडे फणीने येतात, ती लहान मुलाच्या हाती मोजायला द्या: घरात माणसं किती, केळी किती, आजोबांना मऊ कोणतं. वाटणारा हात मुलाचा असू द्या.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, तिथे हा सराव खेळात होतो. झाकलेला डबा, आत काय आहे ते सगळ्यांनी मिळून ओळखायचं, आणि ओळखल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखं पडायचं. गल्लीत भुलाबाई बसत असेल तर मुलांनाही पाठवा, नुसत्या मुलींना नको.

एकत्र काम केलेली मुलं जास्त सहज वाटून घेतात. तीन वर्षांच्या मुलांनीही दोघांनी मिळून दोरी ओढून बक्षीस मिळवलं, तर ती ते बऱ्याचदा सारखं वाटतात. आयतं मिळालेलं तितक्या सारखेपणाने वाटत नाहीत. हे जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात हेच दिसतं. बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले की दोन पोरांना काठी देऊन कावळे हाकायला बसवायचं. मग कुरडईच्या चिकाची एकच वाटी, त्यात गूळ, आणि दोन चमचे. सकाळी बिस्किटावरून भांडलेली हीच पोरं चीक बिनबोभाट संपवतात. बिस्किट आयतं होतं, चीक त्यांनी कमावलेला असतो.

मोबाइल कसा वाटून घ्यायला शिकवू?

शिकवू नका. मोबाइल मोठ्यांचा आहे, किती वेळ द्यायचा ते मोठ्यांनी ठरवावं आणि वेळ संपली की स्वतः ठेवून द्यावा. पडद्यावरून नजर न हटणाऱ्या मुलाकडून "तुझं झालं की दे" ची अपेक्षा चुकीची आहे.

दिल्यावर चॉकलेट किंवा बक्षीस द्यावं का?

नको. चॉकलेट थांबलं की देणंही थांबतं. त्यापेक्षा जे झालं ते नुसतं बोलून दाखवा: "तू सायकल दिलीस, बघ कसा हसतोय तो." त्याचं लक्ष समोरच्या चेहऱ्याकडे गेलं पाहिजे.

सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला आतापासून सोडायला शिकवलं पाहिजे.

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण मीही अशीच वाढले. भाकरीवरचं लोणी भावाला, झोक्यावरचा नंबर भावाला. मुलीने सोडलं की "किती गुणाची" आणि मुलाने सोडलं नाही की "पोरगा आहे तो". याला आपण वाटून घेणं म्हणतो, पण यात वाटणी कुठे आहे? एकच बाजू देते आणि दुसरी घेते. अशा घरातली मुलगी पुढे स्वतःला काय पाहिजे ते सांगू शकत नाही, आणि मुलगा "नाही" ऐकू शकत नाही. दोघांचंही नुकसान.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनीही आयुष्यभर सोडलंच आहे. जेवताना पहिला वाटा एक दिवस मुलाला, एक दिवस मुलीला, एवढं चुपचाप सुरू करा. आणि एखाद्या दिवशी पहिला वाटा सासूबाईंना द्या.

माझी मुलगी कधीच भांडत नाही, मागितलं की देऊन टाकते. चांगलंच आहे ना?

देताना तिचा चेहरा बघा. हसत दिलं आणि दुसरा खेळ सुरू केला, तर ठीक. देऊन कोपऱ्यात बसत असेल तर ती भीतीने देते आहे. तिला "माझं अजून झालं नाही" हे वाक्य शिकवा. घरात बाहुल्यांचा खेळ मांडून तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

शेजारच्या मुलाशी भांडण झालं आणि आता आम्ही मोठेच बोलत नाही. काय करावं?

मुलं संध्याकाळपर्यंत बट्टी करतात, आपलं बांधाचं भांडण दोन पिढ्या चालतं. आणि मुलं ते बघत असतात. जेवताना आपण काकांच्या हिश्शाबद्दल काय बोलतो, पाटचारीच्या पाण्यावरून कोणाला काय शिव्या देतो, हाच त्यांचा भांडणाचा धडा. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम बघत. मुलांची अंथरुणं आणि खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, आणि ते पाहून मुलं आवरायला लागत. आमच्या भागातल्या जुन्या लोकांकडून मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. तुम्ही आधी शेजारणीच्या दारात जा. मुलाला सोबत न्या, त्याला ऐकू द्या. "परवा मी जास्त बोलले" एवढं पुरतं. कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळे भाऊबंद एका जागी जेवायला बसतात, तेव्हा अबोला सुटलेली घरं मी पाहिली आहेत. रोटाची वाट न बघता सुटला तर अजून चांगलं.

बाहेरची मदत कधी घ्यावी?

पाच वर्षांनंतरही मारणं, चावणं रोजचंच असेल, मुलाला जवळजवळ बोलताच येत नसेल, ते स्वतःला इजा करत असेल, किंवा अचानक फार आक्रमक नाही तर फार गप्प झालं असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना हे मोकळेपणाने सांगा. मुलाला कोणी त्रास देत असल्याची शंका असेल तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

हे सगळं केलं तर किती दिवसांत फरक दिसेल?

दिवसांत नाही. माझ्या वर्गात जूनमध्ये आलेल्या मुलाला दिवाळी तरी उजाडते. पहिली खूण देण्याची नसतेच. आधी मूल हिसकावण्याऐवजी तुमच्याकडे येऊन सांगायला लागतं, "त्याले सांग, मन्हा नंबर शे." मग शेजारी बसून वाट बघायला लागतं, हात मांडीखाली दाबून. आणि मधूनच पुन्हा चावतंही, त्याने खचू नका.

पूल पाडून भिंतीकडे बसलेला तो मुलगा पहिलीत जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा ठोकळ्यांपाशी होता. तो लहान गडी शेजारी येऊन बसला, रडला नाही. बराच वेळ गेला. मी खिचडीची ताटं मांडत होते. मागून आवाज आला, "मन्हं व्हई गयं. ले."